मागच्या सीटखालचा आवाज

प्रिय ठमाबाई,

तू आता एका शहाण्या मुलीची आई आहेस, प्रयोगशाळेत माणसं तुझ्या सहीची वाट बघतात, तरी मी तुला ठमाबाईच म्हणणार. रागवायचं तर रागव. आज मी इतकी खुशीत आहे की तुझा रागसुद्धा गोड मानून घेईन.

गाडी घरी आली. खाली आवारात, तिच्या नेहमीच्या जागेवर, भिंतीकडे पाठ करून उभी आहे. सर्व्हिस सेंटरमधला तो टायवाला साहेब सकाळी स्वतः चालवत घेऊन आला. आणि त्यांच्या संगणकात बाबांच्या नावापुढे जे लिहून ठेवलं होतं, ते गेलं. त्याच्या जागी खरं काय ते लिहिलं गेलं. फोनवर गाडीचं नाव काढलं की तू लगेच विचारतेस, आई, गुडघा कसा आहे. म्हणून पत्र लिहायला बसले. पत्रात मध्येच गुडघा काढता येत नाही.

तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं, पण तू लग्न होऊन गेल्यावर ही गाडी घरात आली, त्यामुळे तिच्याबरोबरचे आमचे दिवस तू पाहुण्यासारखेच पाहिलेस. बाबांनी सगळी उमर कारखान्याच्या मालकांची गाडी चालवली. मोठे साहेब मागच्या सीटवर बसून कागदांवर सह्या करायचे आणि त्यांची सही कधी हलली नाही, हे बाबांचं प्रमाणपत्र. त्यांना दुसरं कुठलं मिळालं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही. निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, देशोदेशीची तिकिटं जमवतात. बाबांनी ठरवलं, ज्या जातीची गाडी दुसऱ्यांसाठी चालवली त्या जातीची एक आपल्यासाठी घ्यायची. नवी घेणं आपल्या सात पिढ्यांना झेपलं नसतं. पण जुनी मिळाली, तीही पडेल भावात. अशी दांडगी, आठ सिलिंडरची, राजेशाही गाडी पडेल भावात का मिळते हे कोणीतरी विचारायला हवं होतं, पण प्रेमात पडलेल्या माणसाला विचारणार कोण? इंजिनाची ताकद एवढी की नुसता पाय ठेवला तर मान मागे आपटावी. बाबा मात्र ती अशी चालवायचे, जसं काही मागे कुणी आजारी माणूस झोपलाय.

मागे मी असायची. हे तू पाहिलंयस आणि हसलीही आहेस. बाबांनी मला त्या गाडीत कधी पुढे बसू दिलं नाही. दार उघडून धरायचे, मी मागे बसले की हलकेच लावायचे, मग स्वतः पुढे. म्हणायचे, आयुष्यभर परक्यांना मागे बसवलं, आता तुझी पाळी. मला आधी शरम वाटायची. एका लग्नात तर दारावरच्या माणसाने मला हात जोडून आत नेलं आणि बाबांना ड्रायव्हर लोकांच्या पंगतीकडे पाठवलं. बाबा गेले. जेवून आले आणि मला म्हणाले, तुमच्यापेक्षा आमच्याकडची भाजी बरी होती. हळूहळू मला ती मागची जागा आवडायला लागली. पुस्तक घेऊन बसायचं, चष्मा लावायचा आणि जग बाजूने जाऊ द्यायचं. माझी शाळा लवकर सुटली, पण मालकीणबाईंची वाचून झालेली मासिकं बाबा घरी आणायचे, त्यांवर मी वाचायला शिकले ती शिकलेच. निम्मं वाचनालय मी त्या सीटवर बसून संपवलंय.

गाडीची दुखणी सांगत बसले तर हे पत्र संपायचं नाही. स्प्रिंगच्या जागी तिला हवेच्या पिशव्या आहेत. एका सकाळी खाली उतरून पाहतो तर गाडीबाईसाहेबांनी एका बाजूने बसकण मारलेली. पिशवी फुटली होती. मग छताच्या काचेतून पाणी गळून माझ्या कादंबरीची शेवटची पानं चिकटली आणि खून कोणी केला ते मला अजून कळलेलं नाही. मग गिअरबॉक्सने दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना धक्का द्यायला सुरुवात केली. तळमजल्यावरचे मास्तर रोज सकाळी दात घासत ओट्यावर यायचे आणि तोंडात ब्रश तसाच ठेवून विचारायचे, आज पेशंट कसा आहे. बाबा गंभीरपणे सांगायचे, रात्र बरी गेली.

त्यातच एकदा कंपनीचं बोलावणं आलं. एअरबॅगमध्ये आमच्याकडूनच खोट राहिली आहे, गाडी घेऊन या, फुकट बदलून देतो. याला रिकॉल म्हणतात हे मला तेव्हा कळलं. मला ती पद्धत फार आवडली. आपली चूक आपणच शोधायची आणि ज्याच्या ज्याच्या घरी ती गेली असेल त्याला हाक मारून बोलवायचं. माणसांनी एवढं केलं तरी पुष्कळ होईल. बाबा म्हणाले, शाळेत पालकांना बोलावतात तसंच हे, फक्त इथे मास्तरच कान पकडतात. पुढे सीटच्या पट्ट्यांसाठी आणखी एक बोलावणं आलं, तेही उरकलं. बाबांचा कंपनीवर विश्वास होता. मोडते, पण लपवत नाहीत, असं म्हणायचे.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते. तू चुळबुळ करू नकोस, वाच. तू सुट्टीला आली होतीस. तू आणि बाबांनी छोटीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं आणि मी घरीच राहिले होते. उन्हाचा कडाका होता. परत येताना मोठ्या पुलाच्या उतारावर, वाहनं धडाधड धावत असताना, गाडीचं इंजिन बंद पडलं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मागे ट्रक होता. बाबांनी दोन्ही हातांनी ते जड चाक ओढून गाडी कठड्याला लावली आणि ट्रक आरसा घासून निघून गेला. छोटी घाबरून इतकी रडली की तिला उलटी झाली. थोड्या वेळाने बटण दाबलं तर गाडी सुरू झाली, जणू काही घडलंच नव्हतं. त्यानंतर तुम्ही तिघे घरी आलात आणि जे झालं त्यावर तू आणि मी आजवर धड बोललेलो नाही.

सर्व्हिस सेंटरने गाडी ठेवून घेतली, तपासली, फिरवून आणली. संगणकात इंजिन बंद पडल्याची खूण होती, का पडलं याची नव्हती. त्या टायवाल्या साहेबाने बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फार अदबीने विचारलं, आजोबा, तुमचा हात तर त्या बटणाला लागला नसेल? चालत्या गाडीत ते दाबून धरलं तर इंजिन बंद होतं. वयानुसार होतं असं. आणि तसंच लिहून ठेवलं, चालकाच्या हातून बटण दाबलं गेल्याची शक्यता. शिवी दिली असती तर बाबांनी परत दिली असती. अदबीला उत्तर नसतं.

मी त्यांना सांगितलं, असं झालेलं नाही. पण मी गाडीत नव्हते, माझ्या म्हणण्याला वजन काय? आणि खरं सांगते, त्यांना स्वतःलाच खात्री वाटेनाशी झाली. जेवताना उजव्या हाताकडे बघत बसायचे. दुसऱ्या कुणाचा हात आपल्या ताटात आलाय, तसे. दिव्याचं बटण दाबून पुन्हा वळून बघायचे, खरंच दाबलं का. वाचनालयात माझ्याबरोबर चालत यायचे आणि रस्ता ओलांडताना माझा दंड धरायचे. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला धक्का लागू दिला नाही, तो माणूस. हिवाळ्यात ते गेले. डॉक्टरांनी सांगितलं हृदय, आणि ते हृदयच होतं, दुसरं काही नव्हतं. हे वाक्य पुन्हा वाच.

त्यानंतर गाडीला गिऱ्हाईकं येऊ लागली. मास्तरांनी समजावलं, वहिनी, हा हत्ती तुम्ही कसा पोसणार? मी विकली नाही. मोठं काही कारण नव्हतं. घरात त्यांची खुर्ची होती, चप्पल होती, पण ते मला सगळ्यात जास्त सापडायचे त्या गाडीत, पुढच्या सीटच्या वर त्यांची मान नसलेल्या जागेत. मेकॅनिकने सांगितलं होतं की बॅटरी मरू द्यायची नसेल तर अधूनमधून इंजिन चालू ठेवा. मग मी खाली जायची, पुढच्या दारातून एक पाय ब्रेकवर ठेवून बटण दाबायची, आणि मागे माझ्या जागेवर जाऊन वाचत बसायची. मास्तरांच्या बायकोला वाटलं माझं डोकं फिरलं. वाटू दे.

त्या सीटखाली एक आवाज आहे. बारीक, एकसारखा, लांबच्या घरात कुणीतरी शिलाई मशीन चालवतंय तसा. पुढे बसणाऱ्याला तो येत नाही. मला मात्र तो वर्षानुवर्षं मांडीखाली ओळखीचा. खूप उन्हात, टाकीत पेट्रोल कमी असलं की तो जरा चिरका व्हायचा. मी बाबांना सांगितलंही होतं. त्यांनी गाडी थांबवून कान दिला आणि म्हणाले, मला काही येत नाही बुवा, तुझ्या पुस्तकातलं कोणीतरी कण्हत असेल. उन्हाळा आला. एका दुपारी मी अशीच वाचत बसले होते, इंजिन चालू होतं. आवाज चिरका झाला, चढत गेला आणि तुटला. क्षणभरात गाडी हादरली आणि इंजिन बंद पडलं.

ठमे, पुढच्या सीटवर कोणी नव्हतं. बटणाला लागायला हातच नव्हता.

मग रडले, आणि रडून झाल्यावर पुस्तकात खूण घालून वर आले. त्या दिवसापासून तुझ्या आईला कामच काम. वाचनालयातल्या पोरीने संगणकावर दाखवलं ते सगळं वाचलं. अडलेले शब्द कोशात बघितले. पेट्रोलच्या टाकीतला पंप नेमका मागच्या सीटखाली असतो, हे कळलं तेव्हा मी वाचनालयात मोठ्याने हसले आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पुढे कळलं की याच गाडीच्या पंपासाठी कंपनीने रिकॉल काढलेला आहे. आतलं प्लॅस्टिकचं चक्र उष्णतेने फुगतं, अडकतं, पंप थांबतो. गार झाला की पुन्हा फिरतो. मी धावत गेले सर्व्हिस सेंटरला. टायवाल्या साहेबाने चासी नंबर घातला आणि पडदा माझ्याकडे वळवला. तुमची गाडी यात नाही, आजी. खोट होती त्या गाड्या आधीच्या, तुमची नंतर बनली. तुमच्या गाडीला चांगला पंप आहे.

मी घरी आले आणि वाचलेलं सगळं पुन्हा वाचलं. मग पुन्हा गेले. मग पुन्हा. मला हाकलत नव्हते, चहा देत होते, त्याचाच राग यायचा. त्यांनी गाडी पुन्हा दोनदा फिरवून आणली. एकदा सकाळी, गारव्यात. एकदा टाकी भरून. मला सोबत न्या म्हटलं तर म्हणाले, नियमात बसत नाही. शेवटी मी कंपनीच्या मोठ्या कचेरीला कळवलं की तुम्ही मला भरपाई देऊ नका, गाडीही नवी देऊ नका. फक्त एक माणूस पाठवा, जो उन्हात, रिकाम्या टाकीने, मागच्या सीटवर बसेल.

त्यांनी एक इंजिनिअर बाई पाठवली. तुझ्याच वयाची असेल. येताना कपाळाला आठी होती, पण ऐकून घेत होती. सवयीने ती पुढचं दार उघडायला गेली, मी मागचं उघडून धरलं. मेकॅनिक पुढे, आम्ही दोघी मागे, शेजारी शेजारी. काचा बंद, गाणी बंद, भर दुपारी पुलाच्या बाजूचे रस्ते फिरत राहिलो. काही होईना. मेकॅनिकने आरशातून तिच्याकडे बघितलं, तिने घड्याळाकडे. मी मनात गाडीला म्हणत होते, बाईसाहेब, आयुष्यभर नको तेव्हा बिघडलात, आज एकदा माझ्यासाठी बिघडा. आणि आवाज चिरका झाला. तिने आपणहून सीटवर तळहात टेकवला. आवाज चढला, तुटला, आणि मेकॅनिक ओरडला की स्टिअरिंग जड झालं. गाडी कडेला लागली. ती बाई तशीच हात ठेवून बसली होती.

तिने त्याच दिवशी सीट काढायला लावली आणि पंप बाहेर काढला. त्यावर कोरलेला नंबर खोट असलेल्या मालातलाच होता. गाडी बनली तेव्हा पंप चांगलाच होता, पण आधीच्या मालकाने कधीतरी तो बदलून घेतला होता, आणि बदलून आला तो गोदामात उरलेल्या खराब मालातला. कंपनीने गाड्या मोजल्या होत्या, सुटे पंप मोजले नव्हते. टायवाला साहेब तिथेच उभा होता. वाईट माणूस नाही गं तो. पडद्यावर जे दिसलं ते त्याने सांगितलं.

मग चक्रं फिरली. गेल्या आठवड्यात कंपनीने रिकॉल वाढवला. ज्या ज्या गाडीत तसला सुटा पंप बसवला गेला, त्या सगळ्यांना बोलावणं गेलंय. तुझ्या आईमुळे कुठल्या कुठल्या घरांत आज टपाल पडत असेल, कल्पना कर. मास्तर दोन दिवस मला वहिनी म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात. आणि आज सकाळी टायवाल्या साहेबाने नवा पंप दाखवला, चावी दिली आणि निघू लागला. मी म्हटलं, थांबा, बाबांच्या नावापुढे आता काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा. तो ओशाळला, पण त्याने फोन काढला आणि आवारात उभं राहून वाचलं:

“इंजिन बंद पडण्याचं कारण सदोष पंप. चालकाची कोणतीही चूक नाही. चालकाने गाडी सुरक्षित थांबवली.”

शेवटचं वाक्य मी मागितलं नव्हतं. ते त्या इंजिनिअर बाईने आपल्या मनाने घातलं. मास्तर ओट्यावर होते, त्यांनी ब्रश तोंडातून काढला.

नंतर एक गंमत झाली. साहेब गेल्यावर मी मागचं दार उघडलं, बसले, दार लावलं आणि वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मी कशाची वाट बघतेय. असं अजून होतं. होत राहील. पण मी शिकाऊ परवान्यासाठी अर्ज केलाय, हे तुला आजच सांगून टाकते. या वयात कशाला असं विचारलंस तर फोन ठेवून देईन.

आता मूळ गोष्ट. इथे सगळ्यांना वाटतं, मी हे बाबांसाठी केलं. बाबांना आता कशाची गरज नाही, आणि मला तर कधीच शंका नव्हती. त्या दिवशी पुलावरून घरी आल्यावर तू छोटीला माझ्याकडे दिलंस, बाबांसमोर हात पुढे केलास आणि म्हणालीस, बाबा, चावी द्या. त्यांनी दिली. दुसरी चावी कपाटात होती, तिला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. ते गेल्यापासून तू समजतेस की त्या चावीबरोबर तू त्यांचा जीव काढून घेतलास. तू हे कधी बोलली नाहीस. पण तू या घरी येतेस तेव्हा आवारातून मान खाली घालून येतेस. सर्व्हिस सेंटरमधून परत आले त्या रात्री बाबा मला म्हणाले होते, पोरीने बरोबर केलं, ज्याच्या हाताची खात्री नाही त्याच्या मागे मूल बसवू नये. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, आई, माझी समजूत घालू नकोस. तू पुरावा मागणारी बाई. म्हणून मी पुरावा आणायला गेले, आणि तो आणला. मी त्या इंजिनिअर बाईला एकच प्रश्न विचारला होता, हाच पंप घेऊन ही गाडी पुढे चालवत राहिलो असतो तर? ती म्हणाली, “पुढच्या वेळी कडेला घ्यायला जागा मिळाली असतीच असं नाही. ज्याने ही गाडी चालवणं थांबवलं त्याने तुमच्या घरावर उपकार केले.” ऐकलंस ना? बाबांची चूक नव्हती. आणि चावी मागितलीस, तीही चूक नव्हती. तुम्ही दोघंही बरोबर होता. चूक एका फुगलेल्या प्लॅस्टिकच्या चक्राची होती, आणि ते आता कंपनीच्या ताब्यात आहे. या सुट्टीत छोटीला घेऊन ये, आणि आवारातून येताना वर बघत ये, मी खिडकीत असेन.

तुझीच, आता कुणाला न घाबरणारी,
आई